चित्रातले अकरा जण

कायेतान चित्रकाराचं पोट भरायचं ते निदा नदीकाठच्या दलदलीवर. जमीनदारांना दिवाणखान्यात धुकं, बगळे, वाकलेली झाडं हवी असत. तो ती काढून देई. पण त्याचा जीव रमायचा जुन्या लढायांत. म्हणून ओल्शांका गावच्या फादर हिलारींनी चर्चसाठी दोनशे वर्षांपूर्वीच्या स्वीडिश स्वारीचं चित्र काढायला सांगितलं, तेव्हा त्याने गावातलेच अकरा जण सैनिक म्हणून समोर उभे केले. सगळ्यांत पुढे त्याचा बालमित्र, शिमोन लोहार.

"आटप बाबा," शिमोन कुरकुरायचा. "पाय गेले माझे. आता खरंच स्वीडिश आले तरी पळता यायचं नाही."

दोन वर्षांनी, १८६३च्या हिवाळ्यात, तेच अकरा जण झारविरुद्धच्या उठावात सामील होऊन जंगलात गेले. मार्चमध्ये रशियन कप्तानाने सत्तर माणसं धरून आणली, त्यांत हे अकराही होते, आणि कोठारात कोंडली. त्याच्याकडे ओल्शांकाच्या बंडखोरांची नावं होती; पण कोठारातला प्रत्येक जण भलतंच नाव सांगत होता.

"अहो," बायको तेक्ला धापा टाकत घरी आली, "कप्तान आज चर्च बघायला येणार म्हणे. आणि ते चित्र?"

चित्रातल्या चेहऱ्यांवरून कोठारातले ओळखले जाणार, हे कायेतानने ताडलं. रंगांची पेटी काखेत मारून तो धावला.

चर्चमध्ये त्याने भराभर कुंचला चालवला. कुणाला दाढी लावली, कुणाचे गाल बसवले. दहा चेहरे बदलले. शिमोनपाशी मात्र हात अडला. तो चेहरा पुसणं म्हणजे त्याला आपल्याच हाताने मातीत लोटणं. तेवढ्यात फरशीवर बूट वाजले.

"काय चाललंय, मास्तर?"

"मेणबत्त्यांची काजळी, साहेब. साफ करतोय."

"कोण ही माणसं?"

"दोनशे वर्षांपूर्वी मेलेली."

कप्तानाने एका सैनिकाच्या गालाला बोट लावलं. बोट तांबडं झालं. "मेलेल्यांचं रक्त अजून ओलं दिसतंय," तो हसला. मग सुकलेला एकच चेहरा त्याने निरखून पाहिला आणि चित्र उतरवायला सांगितलं.

त्या चेहऱ्यावरून कोठारात एकटा शिमोन ओळखला गेला. त्याला सायबेरियात धाडलं. बाकीचे दहा जण खोट्या नावांवर काही महिन्यांत सुटले.

चेहरे बदलल्याबद्दल चार महिने तुरुंगात काढून कायेतान परतला, तेव्हा त्याला सर्वांत जास्त भीती वाटायची ती शिमोनच्या बायकोची. आगाता रस्त्यात दिसली की तो वाट बदलायचा. शरद ऋतूत ती दारातच येऊन उभी राहिली.

"मारायला नाही आले," ती म्हणाली. "घरात त्यांची एकही तसबीर नाही. तू काढून दे."

"माझ्यामुळेच तो..."

"ते मला माहीत आहे. तू काढ."

आठ दिवस चेहरा जमेना. प्रत्येक वेळी कागदावर कुणी परकाच उमटे. नवव्या दिवशी कागदावर शिमोन उतरला. आगाताने कागद शालीखाली लपवून नेला आणि झडतीच्या धास्तीने पिठाच्या डब्यात ठेवला.

शिमोन परतला नाही. कायेतान पुढे अठ्ठावीस वर्षं जगला, नदी रंगवत राहिला. "होडीत एखादा कोळी तरी काढा," गिऱ्हाईकं म्हणत. तो नकारार्थी मान हलवायचा. होडी तो रिकामीच काढायचा.