ब्रेकताईचं आतडं

ती गाडी शिकवायची. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये तिला ब्रेकताई म्हणत, कारण शिकणाऱ्याच्या आधी तिचाच पाय तिच्या बाजूच्या ब्रेकवर पडायचा. तिला अल्सरेटिव्ह कोलायटिस होता, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा. महिनोन्महिने हा आजार गुण्यागोविंदाने नांदायचा आणि मग एकदम उसळायचा. पोटात कळ, रक्त आणि जायची अशी घाई की बोलायची सोय नाही. तिच्या विद्यार्थ्यांना गाडी लावायचा सराव नेहमी पेट्रोल पंपावरच का मिळतो, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. उलट शिस्त म्हणून कौतुकच झालं.

आजारात लक्ष घालायला माणसांची टंचाई नव्हती. नवऱ्याच्या मते हे सगळं टेन्शन होतं. जाऊबाईंच्या मते अवेळी जेवण. सासूबाईंच्या मते दोष सरळ गाडीचाच. डॉक्टर तर उदार. "विचार आम्ही करतो, तुम्ही फक्त गोळ्या घ्या." त्यांची वेळ मिळेपर्यंत ताई एकतर बरी झालेली असायची, नाहीतर भरती झालेली.

"आज त्रास?"

"आज नाही."

"उत्तम!"

बरं वाटलं की ती गोळ्या बंद करायची. तेवढी हुशारी तिच्याकडेही होती.

पुन्हा एकदा भरती होऊन ताई घरी निघाली, तेव्हा हॉस्पिटलातल्या सिस्टरने भलताच प्रश्न विचारला. "त्रास सुरू होणार हे तुम्हाला आधी कशावरून कळतं?"

हे विचारायचं असतं हे कुणाला सुचलंच नव्हतं. ताई अडखळत म्हणाली, "पहाटे घाईने जाग येते. जाऊन आलं तरी पोट साफ झालंसं वाटत नाही. रक्त नंतर दिसतं."

"मग रक्ताची वाट कशाला बघता?"

सिस्टरने डॉक्टरांना गाठलं. तिघांनी बसून ठरवलं. बरं वाटलं तरी रोजच्या गोळ्या चालूच ठेवायच्या. खुणा दिसल्या की डॉक्टरांनी सांगितलं तेवढा डोस वाढवायचा, औषधाचा एनिमा सुरू करायचा आणि सिस्टरला फोन करायचा. ताप आला, रक्त फार गेलं, तर थेट दवाखान्यात.

पुढच्या वेळी पहाटेची घाई सुरू झाली, तशी ताईने त्याच दिवशी डोस वाढवला आणि फोन लावला. घरात हाहाकार.

"आता हीच डॉक्टर झाली!" सासूबाई म्हणाल्या.

"आतडं माझं आहे, आई. त्याची बातमी आधी मलाच लागणार ना?"

रक्त दिसायच्या आतच त्रास ओसरला. नवरा पाहुण्यांना सांगू लागला, "आम्ही घरच्या घरी आवरलं." आवरण्यात त्याचा वाटा एवढाच, की त्याने बाथरूम लवकर रिकामं केलं.

त्यानंतरच्या खेपेला मात्र ठरल्याप्रमाणे सगळं करूनही त्रास हटेना. ताई कुढत बसली नाही. फोन केला, तपासण्या झाल्या, काही काळ स्टिरॉइड घ्यावं लागलं. पण भरती व्हायची पाळी आली नाही. कामावर परतली तेव्हा स्टिरॉइडने तिचा चेहरा सुजून गोल गरगरीत झाला होता.

"मॅडम, तब्येत सुधारली हो तुमची!" शिकायला आलेले एक काका म्हणाले.

"हो ना," ताई म्हणाली, "आता क्लच हळू सोडा."