दोघांपुरता शब्द

नव्वदच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात नेवाशाजवळच्या माझ्या रानात बोअर मारायला तमिळ माणसं आली. कारभारीण वारल्यापासून मी एकटाच होतो. त्यांच्या स्वयंपाक्याला मी मराठी शिकवू लागलो. खांद्यापासून बोटांपर्यंत दाखवून म्हणालो, "हात." तो म्हणाला, "कै." मुलूख निराळे, पण त्याचाही शब्द तेवढ्याच अंगाला. म्हणून 'हात' त्याला लगेच आला.

मग मी कारभारणीनं घडवलेला शब्द काढला, टुपकं. पातेल्याच्या तळाला उरलेला चहा म्हणजे टुपकं, आणि पाव्हणे गेल्यावर घरात पडते ती शांतताही टुपकंच. माझ्यामागं हा शब्द कुणाला तरी यावा, असा माझा हट्ट होता. गावात सांगितलं असतं तर लोक हसले असते.

"तात्या, चाय या शांती? एक बोलो!" स्वयंपाकी मोडक्या हिंदीत वैतागला.

"दोन्ही! डोकं हाय का खोकं?"

बोअरचं काम संपेपर्यंत घोकून घेतलं, तरी तो चहावरच अडला. कुणालाही शिकता येतो तोच शब्द मुलखामुलखांत टिकत असेल. आमचा शब्द यायला तिच्याबरोबर संसारच करावा लागला असता.

पाणी लागलं, बोअरची गाडी माणसांसकट गेली. घरात टुपकं पडलं, आणि ज्याला ते म्हणून दाखवावं असं कुणी नव्हतं.