कोल्ह्यांना हळदीचं आवतण

आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढे कुणी उकरून काढायला नको. नवऱ्याच्या बदलीमुळे आम्ही साताऱ्याहून नेरूळला राहायला गेलो, तेव्हा मी पस्तिशीची होते आणि स्वतःला फार हुशार समजत होते. एकदा खाडीच्या कडेने फिरताना कुईंकुईं करणारं एक तपकिरी पिल्लू दिसलं. मी ते पदराखाली घालून घरी आणलं. गळ्यात लाल फीत बांधली, मोती नाव ठेवलं आणि दूध-पाव चारून त्याला शेकहँड शिकवायला बसले. मोती भुंकत नसे. दिवेलागणीला मान वर करून लांबच लांब सूर काढी. मी शेजारणींना सांगायची, “आमच्या मोतीचा गळा गोड आहे हो, जात्याच गाणारा आहे.” शेवटी दारावर मासे विकायला येणाऱ्या बाईने टोपली खाली ठेवली, मोतीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “बाय, कोल्हा कशाला पालला गो?”

त्याच दुपारी ती पिल्लाला टोपलीत घालून बिळापाशी सोडून आली. मी मात्र पुढे कितीतरी दिवस जिना उतरताना शेजारणींच्या खोकल्यातून हसू ऐकत होते. त्या वयातली मी म्हणजे अशी बाई, की जिला प्राणिमात्रांवर व्याख्यान द्यायची हौस दांडगी आणि कुत्रं-कोल्हं ओळखायची बोंब.

देवाची करणी बघा. माझी नात मुक्ता मोठी झाली आणि नेमकी त्याच खाडीतले कोल्हे वाचवायच्या कामाला लागली. खारफुटीत (खाडीच्या चिखलात वाढणारं जंगल) अजून कोल्हे आहेत. मात्र शहर चहूबाजूंनी सरकत आलं आणि त्यांची जागा आकसत गेली. मुक्ता आणि तिचे चार-पाच सहकारी गावोगाव फिरतात, चिंबोऱ्या (खेकडे) धरणाऱ्या बायकांशी मैत्री करतात. कुठल्या बांधात बीळ आहे, कुठे पिल्लं झालीत, ही खबर या बायकाच देतात.

मी केव्हाच साताऱ्याला परत आले होते; यंदा लग्नसराईत तिचा नेरूळहून फोन आला. “आज्जी, ये ना. एका घरी बोलायला मोठं माणूस हवंय.”

“माझ्याहून मोठं आता फोटोतच मिळेल,” म्हटलं आणि पिशवी भरली.

साताऱ्याहून एसटी पकडली. घाट उतरेपर्यंत जागी होते, मग खिडकीतल्या वाऱ्याने घात केला. कंडक्टरने खांदा हलवला. “आजी, तुमचं नेरूळ मागे पडलं. वाशी आली.”

“मग उठवायचं नाही का?”

“दोनदा उठवलं. तुम्ही म्हणालात, ‘पाच मिनिटं झोपू दे, शाळेला आज सुट्टी आहे.’”

रिक्षा करून उलटी नेरूळला आले. मुक्ताने दारातच मिठी मारली आणि चहाबरोबर सगळं प्रकरण सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते डोळ्यांनीही दाखवलं.

आम्ही घणसोली गावात शिरलो. मागे काचेचे टॉवर आणि पुढे जुनं गावठाण. घरं इतकी खेटून, की एका खिडकीतली फोडणी दुसऱ्या खिडकीतल्या वरणाला बसावी. भाड्याच्या खोल्यांचे लोखंडी जिने, किराणा, मोबाइलची दुकानं, मध्येच गावदेवीचं देऊळ. गल्ली संपली की एकदम आभाळ मोकळं होतं. आधी एक मैदान, मैदानापलीकडे जुन्या भातखाचरांचा मातीचा बांध आणि बांधाला टेकून हिरवीगार खारफुटी. शिशिर संपला तरी वारा गार होता, चिखलाचा नि मिठाचा वास घेऊन येणारा.

मुक्ताने दुर्बीण दिली. बराच वेळ मला माझ्याच पापण्या दिसत होत्या. मग बांधाच्या पोटात एक भोक दिसलं, त्याच्या तोंडाशी कान टवकारून बसलेली कोल्हीण दिसली आणि तिच्या अंगावरून लोळणारी चार पिल्लं. नुकतेच उकडून सोललेले बटाटे एकमेकांवर ढकलावेत तशी!

“किती गोड!” मी म्हणाले.

“घरी न्यायची नाहीत हं,” मुक्ता म्हणाली. आमच्या घराण्यात कुणी काही विसरत नाही.

मग तिचा आवाज उतरला. मागच्या लग्नसराईत याच मैदानात एक मोठी हळद झाली होती. आपल्याकडे हळद म्हणजे पाच सवाष्णी आणि खोबऱ्याची वाटी. इथल्या आगरी घरात ती लग्नाच्या आदल्या संध्याकाळची, आणि कधीकधी लग्नाहून मोठी. मांडव, मटण, नाच आणि जेवायला अख्खं गाव. तेव्हा उरलेलं सगळं अन्न बांधाच्या कडेला लोटून दिलं. वासाने सगळीकडची भटकी कुत्री जमली, खाऊन झाल्यावरही हलली नाहीत आणि त्यांनी बिळातली पिल्लं फाडली. एकही वाचलं नाही.

“आणि या आठवड्यात पुन्हा हळद आहे,” मुक्ता म्हणाली. “मंदाताईंच्या मुलीची. मी दोनदा जाऊन आले. त्या चहा पाजतात, विषय बदलतात आणि परत पाठवतात.”

मला बोलावण्याचं कारण हे होतं.

मंदाताईंचं घर चार मजल्यांचं. वरचे तीन भाड्याने, खालच्या ओटीवर बायकांची गर्दी. कुणी तांदूळ निवडतंय, कुणी रुखवताच्या करंज्या डब्यात भरतंय. मंदाताई पन्नाशीच्या, ठसठशीत, दोन्ही हातांत पाटल्या आणि कमरेला किल्ल्या. मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, “आजी, कोल्ह्यांचा सोडून काय पन बोला.”

इथे शहाण्या बाईने आधी नवरीचं कौतुक केलं असतं. मी म्हणाले, “अहो, एवढा पसारा हवाच कशाला? आमच्याकडे हळद दहा मिनिटांत उरकतो.”

ओटीवरचे सगळे हात थांबले. तांदळातला खडा पडला असता तरी ऐकू आला असता. मुक्ताने डोळे मिटून घेतले.

“उरकतो?” मंदाताई म्हणाल्या. “आमी नाय उरकत. माजी एकुलती एक पोर हाय. कोन जेवल्याबिगर गेला तं भाऊबंद मना वरीसभर बोलतील. पानात पडला ते उरलाच पाहिजे, तवा लोक म्हनतात, हां, हलद झाली! उरला ते मंग टाकाचा कुटं? बांधाव. सगलेच टाकतात.”

तेवढ्यात कोपऱ्यात बसलेली एक म्हातारी खुदकन हसली. माझ्याच वयाची, दोन दात, मोठं कुंकू. तिला सगळे ठकूआय म्हणत. ठकूआय धवलारीण होती (आगरी लग्नात धवले, म्हणजे लग्नातली गाणी, गाऊन विधी चालवणारी बाई). तिच्या गाण्याशिवाय इथे हळद लागत नाही.

विषय बदलावा म्हणून मी तिला विचारलं, “गाण्यात आधी कुणाचं नाव घेता हो?”

“आवतना (आमंत्रणं) देतो गो आमी गान्यातून,” ठकूआय म्हणाली. “पयला गनपती. मंग गावदेवी. मंग बांधावरचा देव, मंग वाडवडील. मंग आंबा, जांभूल, खाडीचा पानी. सगल्यांना बोलवाचा.”

“म्हणजे या जागेवर आधीपासून राहणारे सगळे?”

“सगले.”

“आणि कोल्हे?”

ओटीवरचे हात पुन्हा थांबले, पण या वेळी हसू दाबायला. ठकूआयने पदर तोंडाला लावला. “कोले तं आमच्या आजेसासूच्या आदीपासून हायत. त्यांचा आवतन आमी कसा काय विसरलो?”

“अगो, काय येड्यासारखी बोलतेस!” मंदाताई म्हणाल्या. “कोल्हा कवा पावना असतो?”

“नसाला काय झाला? रोज सांचे वर्दी देतो. तुजा जावई तरी फोन करून येतो काय?”

हशा पिकला. एकीने विचारलं, कोल्हे मुलीकडचे की मुलाकडचे? दुसरी म्हणाली, मुलीकडचेच, मुलाकडचे तर बदलापूरचे. मंदाताई हसत नव्हत्या. किल्ल्यांचा जुडगा हातात फिरवत त्या विचार करत होत्या. मानपान हा विषय त्यांना माझ्याहून आणि मुक्ताहून फार जास्त कळत होता.

“म्हंजे,” त्या सावकाश म्हणाल्या, “ठकूआयनं त्यांचा नाव घेतला का ते पावने झाले. आनि पावन्याचे दारात उष्टा टाकला असा होईल.”

ठकूआयने मान डोलावली.

“असा नाय चालनार,” मंदाताई उठल्या. “माज्या हलदीत पावन्याला उष्टा? ओ, भाऊ कुटं गेले? गारी काढाला सांगा.”

भाऊ म्हणजे मंदाताईंचे यजमान. जवळच्या पावणे गावच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचं छोटं वर्कशॉप आहे. तासाभरात मी त्यांच्या टेंपोत पुढच्या सीटवर होते, मुक्ता मधे. दोन्ही बाजूंना पत्र्याच्या शेड, वेल्डिंगच्या ठिणग्या, चहाच्या टपरीवर निळ्या डगल्यातली माणसं. भाऊंनी झाकणाची मोठी नवी पिंपं काढून दिली. उरलेलं अन्न थेट पिंपात, झाकण घट्ट, आणि सकाळी पालिकेच्या ओल्या कचऱ्याच्या गाडीत, असं ठरलं.

“डीजेचं काय?” मुक्ताने भीत भीत विचारलं. “स्पीकर बांधाकडे तोंड करून असतात.”

भाऊंनी थोडा विचार केला. “टॉवरकडं फिरवतो. टॉवरवाले तशीपन रोज तक्रार करतात. एक दिवस खरी करू दे. पन धाला बंद म्हंजे बंद, तेवढा टेन्शन नको.”

परतीच्या वाटेवर खड्डा आला की मागे पिंपं एकमेकांवर आदळत. बैलपोळ्याला ढोल वाजवावेत तशी आमची मिरवणूक घणसोलीत शिरली. मी एका हाताने दार आणि दुसऱ्या हाताने कवळी धरून होते.

हळदीच्या संध्याकाळी मला पिवळी साडी नेसवली. मटणाचा रस्सा, तांदळाची भाकरी, वडे आणि खास माझ्यासाठी वाटीत चिंबोरीचं कालवण. चिंबोरीचा डेंगा (नांगी) फोडताना रस्सा उडून शेजारच्या पाहुण्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर गेला. तो म्हणाला, “ऱ्हाऊ दे आजी, हलदीचाच रंग हाय.”

नवरी पाटावर बसली आणि ठकूआयने सूर लावला. कापरा, पण लांब जाणारा. गणपती झाला, गावदेवी झाली, वाडवडील झाले. मग तिने माझ्याकडे बघून भुवई उडवली आणि गायली:

“बांधाचे पोटान कोल्हीनबाय नांदते गो,
तिचे चारी लेकरांना आवतन सांगते गो.”

नवरी हळदीच्या हातांनी तोंड झाकून हसत सुटली. सगळा मांडव मागे वळून खारफुटीकडे बघायला लागला. आता कोल्हेकुई ऐकू येणार म्हणून लोकांनी कान दिले. काही नाही. फक्त वारा.

“लाजतात,” ठकूआय म्हणाली. “पयलांदाच बोलवलाय ना.”

पुढे डीजे टॉवरकडे तोंड करून गरजला. मी दोन गाण्यांवर नाचले. तिसऱ्यावर गुडघ्याने राजीनामा दिला. पण मजा जेवणानंतर आली. पंगत उठली की मंदाताई स्वतः पिंपापाशी, पदर खोचून. कुणी वाढप्या सवयीने पातेलं घेऊन बांधाकडे निघाला की त्यांची हाक, “ए! पावन्यांच्या दारात कुटं चाललास?” असे तीन-चार जण वळवले. एकाने कुरकुर केली तर त्याच्या हातातलं पातेलं घेऊन त्यांनीच पिंपात उपडं केलं.

मी नेरूळला येऊन गाढ झोपले. मुक्ता झोपली नाही. वासच एवढा होता, कुत्री आली तर? एवढं करूनही कोल्हीण घाबरून पिल्लं हलवायला निघाली आणि रस्त्यावर आली तर?

उजाडताना आम्ही बांधापासून लांब, एका पडक्या भिंतीआड उभ्या होतो. मैदानात कागदी फुलं, खुर्च्यांचे ढीग, झाकण लावलेली पिंपं. एक पांढरं कुत्रं आलं. पिंप हुंगलं, झाकणाशी खाजवलं, तंगडी वर केली आणि गावाकडे निघून गेलं. मुक्ताचा हात माझ्या हातात होता. बिळाचं तोंड रिकामं. एवढा वेळ रिकामं, की मी पिंपांची झाकणं दोनदा मोजून काढली.

मग एक नाक आलं. मग कान. कोल्हीण बाहेर आली, तिने मैदानाकडे नीट पाहून घेतलं, आणि तिच्या पायांतून एक बटाटा घरंगळला. दुसरा. तिसरा. चौथ्याला जरा उशीर झाला; तो भावंडाचं शेपूट तोंडात धरूनच आला.

मुक्ता दुर्बिणीत बघत रडत होती, त्यामुळे तिला काही दिसत नव्हतं. मीच दुर्बीण घेऊन मोजून सांगितलं.

मागे पैंजण वाजले. मंदाताई, कालचीच साडी, हळदीने माखलेले हात, डोळे जागरणाने लाल. काही तासांत मुलीचं लग्न, आणि बाई अनवाणी इथे.

“हायत?” त्यांनी कुजबुजून विचारलं.

“हायत,” मी म्हणाले. “सगळी.”

त्यांनी माझ्या हातातली दुर्बीण घेतली, बराच वेळ बघितलं, परत दिली आणि “चला, माजा मांडव खोलंबलाय” म्हणत निघून गेल्या.

लग्न जेवून मी साताऱ्याला परतले. या वेळी एसटीत जागी राहिले. घाट चढताना मनात येत होतं, मुक्ताकडे नकाशे आहेत, कॅमेरे आहेत, कायदाही तिच्या बाजूने आहे. पण घणसोलीच्या त्या ओटीवर कोल्ह्यांना जागा मिळाली ती पाहुणचाराच्या शिस्तीतून. ती शिस्त तिथे आधीपासून होती, आम्ही फक्त दार ठोठावलं. तेही मी आधी चुकीचंच ठोठावलं.

सगळं सुरळीत झालं, आता निवांत, असं म्हणून मी कुळथाचं पिठलं ढवळत होते, तेवढ्यात मंदाताईंचा फोन आला. नमस्कार नाही, तब्येत नाही. त्या रागाने फणफणत होत्या:

“आजी, तुमचे नातीला जरा समजवा. पुढचे म्हैन्यान माजे जावेचे पोराची हलद हाय, जाऊ बोलते मना पन कोल्हे बोलवाचेत, नि तुज्यापेक्षा जास्त बोलवाचेत. तिचेकरं पाच आले तं माजा काय मान ऱ्हायला?”