घट्ट दारांचा मिस्त्री

मिस्त्रींनी बसवलेल्या दाराच्या फटीत कागद जात नसे. ही काही कुणी हौसेने उठवलेली बातमी नाही. दार बसवून झालं की ते स्वतःच गिऱ्हाइकाच्या हातात कागद द्यायचे आणि म्हणायचे, घाला बघू, कुठून जातोय तो. गिऱ्हाईक बिचारं वरून, खालून, कडेने खटपट करायचं आणि शेवटी हसून कागद परत द्यायचं. वर डोंगरातल्या त्या गावात या गोष्टीला फार किंमत होती. हिवाळ्यात तिथे नळातलं पाणी गोठायचं आणि दाराला एवढीशी फट राहिली तर रात्रभर वारा घरात शिट्या मारायचा. नवं घर बांधायचं ठरलं की लोक आधी मिस्त्रींना विचारायचे आणि मग गवंड्याला.

पण दारं कितीही घट्ट केली तरी थंडी मिस्त्रीणबाईंच्या हातांत शिरलीच. आधी बोटं दुखायची, मग सांधे सुजायला लागले, मग बोटं वाकली ती सरळ होईनात. त्यांना कप धरवेना, बटणं लावता येईनात. शेवटी त्यांची वेणीसुद्धा मिस्त्रीच घालायला लागले. सुताराच्या हातची वेणी ती! अशी आवळून घालायचे की बाईंच्या भुवया वर चढायच्या. अहो, केस आहेत ते, चौकट नाही, असं त्या म्हणायच्या, आणि मिस्त्री चेहरा शक्य तितका कडक ठेवून एक पेड जरा सैल करायचे.

डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं की यांना उबदार हवेत न्या, औषधाने जेवढं होणार नाही तेवढं हवेने होईल. मुलगा खाली, गरम हवेच्या शहरात नोकरीला होता आणि कधीचा या म्हणून मागे लागला होता. मिस्त्रींनी बराच काळ हो-ना केलं आणि मग बायकोशी करार केला. एक वर्ष राहून बघायचं. हात सुधारले तर तिथेच राहायचं, नाही सुधारले तर परत यायचं. तोवर वर्कशॉपला कुलूप राहील, विकायचं नाव काढायचं नाही. किल्ली धाकट्या भावाकडे दिली आणि दर रविवारी जाऊन दारं-खिडक्या उघडून ये असं त्याला चार-चारदा बजावलं.

तर असे ते खाली आले. आल्या दिवसापासून जिवाची काहिली. सकाळी अंघोळ करून बाहेर यावं तर टॉवेलने पुसलेलं अंग दोन मिनिटांत पुन्हा ओलं. आता घाम येतोय की मघाचं पाणीच राहिलंय, हे मिस्त्रींना कळायचं नाही. दुपारी ते स्वयंपाकघरातल्या टेबलाखाली जाऊन झोपायचे, कारण घरात तेवढीच फरशी गार असायची. एकदा सून अचानक लवकर घरी आली, तिला टेबलाखालून दोन पाय बाहेर आलेले दिसले आणि तिच्या तोंडचं पाणीच पळालं. त्यानंतर ते पायसुद्धा आत ओढून झोपायला लागले.

आणि खिडक्या! जन्मभर ज्या माणसाने वारा बाहेर ठेवण्यासाठी हात झिजवले, त्याला सताड उघड्या खिडक्या बघवेनात. सून सकाळी सगळ्या उघडून कामाला जायची, मिस्त्री तिच्या पाठोपाठ एकेक लावत जायचे. संध्याकाळी ती घरात पाऊल टाकायची तर भट्टीचं तोंड उघडल्यासारखी वाफ अंगावर यायची. पोरगी गुणाची, एक शब्द बोलायची नाही, फक्त पुन्हा सगळ्या उघडत सुटायची. मिस्त्री म्हणायचे, सवय हो, सवय, जाईल हळूहळू. कसली जाते!

पहिल्याच आठवड्यात त्यांनी आपल्या खोलीला नवं दार केलं. मुलाला ती भेट होती. मुलगा चाचरत म्हणाला, बाबा, इथे दार जरा सैल ठेवतात, दमट दिवसांत लाकूड फुगतं. मिस्त्रींनी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने निमूट फळीचं दुसरं टोक धरलं. सैल दार म्हणजे मिस्त्रींच्या लेखी कामचुकारपणा. ते दार त्यांनी वरच्या गावच्या पद्धतीनेच बसवलं. कडेत बिजागरी खोचली की तेवढीच बारीक फट राहते, म्हणून त्यांनी लांब पट्टीच्या बिजागऱ्या आतल्या बाजूने, फळीवरून लावल्या. प्रत्येक स्क्रूला मेण लावलं. मग मुलाच्या हातात कागद दिला. कागद गेला नाही.

ते दार बघून खालच्या मजल्यावरच्या न्हाव्याने आपल्या दुकानाला तसंच करून मागितलं. मिस्त्रींना आभाळ ठेंगणं झालं. पंधरा दिवस ते शीळ घालत काम करत होते आणि घाम पुसायचंही विसरत होते. दार झालं, गल्लीने वाहवा केली. मग दमट दिवस आले. मीठ ओलं झालं, काड्यापेटीची काडी पेटेना, आणि एका सकाळी न्हाव्याचं दार उघडेना. आत न्हावी, बाहेर तीन गिऱ्हाइकं, त्यातल्या एकाला दाढी करून लग्नाला जायचं होतं. शेवटी न्हावी मागच्या खिडकीतून बाहेर आला, आणि ज्याला लग्नाला जायचं होतं त्याची दाढी त्याने रस्त्यावर खुर्ची टाकून केली. गल्लीला आठवडाभर हसायला विषय झाला. न्हावी भला माणूस होता, वाईट बोलला नाही, पण दुसऱ्या दिवशी त्याने दुसऱ्याच कुणाकडून दार तासून घेतलं.

ते मिस्त्रींना लागलं. लाकूडच ओलं दिलं होतं मला, असं ते घरात सांगत राहिले, पण पुन्हा कुणी काम घेऊन आलं नाही. या गल्लीत त्यांना मिस्त्री म्हणणारं कुणी नव्हतंच तसं. इथे ते वरच्या मजल्यावरचे आजोबा होते. घरातलं दारही कुरकुरायला लागलं होतं. पण ते तासून सैल करायचं म्हणजे न्हाव्याचं बरोबर होतं असं कबूल करायचं. मिस्त्री खांदा लावून ते लोटायचे आणि काही झालंच नाही असं दाखवायचे.

आता उरलं एकच काम, बायकोचे हात. सकाळी बटणं, मग वेणी, मग चहाचा कप ओठांशी धरायचा, दोन्ही वेळा बोटांना तेल चोळायचं. ते यात कधी चुकले नाहीत. महिन्याच्या महिन्याला ते विचारायचे, काही फरक वाटतोय का, आणि मिस्त्रीणबाई बोटांकडे बघून म्हणायच्या, आहे तसंच आहे. मग मिस्त्री सुस्कारा सोडायचे आणि भावाला फोनवर सांगायचे की हवाबिवा काही नाही, हिचे हात आहेत तसेच आहेत, आम्ही परत येतोय. वर्ष संपत आलं तेव्हा त्यांनी तिकिटंही काढली. मुलगा कळवळून म्हणाला, बाबा, आईला तिकडची थंडी सोसायची नाही हो. मिस्त्री म्हणाले, इथे राहून तरी काय झालं? करार म्हणजे करार.

जायला चार दिवस उरले होते. दुपारची वेळ, मुलगा-सून कामावर. मिस्त्रीणबाई खोलीत आडव्या झाल्या होत्या. रस्त्यावर कुणीतरी पत्रे उतरवत होतं, त्याचा आवाज नको म्हणून मिस्त्रींनी बाहेरून दार ओढलं. ते फुगल्यामुळे पुरतं बसेना, म्हणून चौकटीला पाय लावून, कडी दोन्ही हातांनी ओढून चांगलं आवळून बसवलं आणि आपण टेबलाखाली गेले.

तासाभराने आतून हाक आली, अहो, दार उघडत नाहीये. मिस्त्री उठले, त्यांनी खांदा लावला. दार हललं नाही. दोन्ही हात लावून जोर केला, धावत येऊन धडक दिली. कागद जात नव्हता तिथून, माणूस कुठून जाणार? आतला पंखा वीज गेल्यामुळे थांबला होता, आणि खोलीची एकुलती एक खिडकी त्यांनीच सकाळी लाकडी पट्ट्या ठोकून बंद केली होती, निघायच्या आधी तिच्या सगळ्या फटी बुजवून जाव्यात म्हणून. मी दार फोडतो, तू मागे हो, ते म्हणाले. पण फोडायचं कशाने? हत्यारांची पेटी परतीसाठी बांधून आत पलंगाखाली ठेवलेली.

"फोडू नका," मिस्त्रीणबाई आतून म्हणाल्या. "बिजागऱ्या माझ्या बाजूला आहेत. मी काढते."

तुझ्याने व्हायचं नाही ते, मिस्त्री म्हणाले, मी खाली जाऊन कुणाला तरी घेऊन येतो. आतून पेटीची दोरी सोडल्याचा आवाज आला, मग झाकणाचा. गाठ त्यांनी स्वतः मारली होती. ती सहज सुटण्यातली नव्हती.

मग स्क्रू फिरायला लागला. मिस्त्रींनी दाराला कान लावला. नवशिक्याचा स्क्रूड्रायव्हर खाचेतून सटकतो, खडखडतो. हा सटकत नव्हता. मूठ घट्ट धरून, मनगट वळवून, दमादमाने कुणीतरी तो काढत होतं. तीस वर्षं वर्कशॉपमध्ये त्यांच्या शेजारी उभं राहून हातात हत्यार देणारी बाई, तिला कसं काढायचं ते माहीत असणारच. माहीत असण्याबद्दल शंका नव्हती. शंका होती त्या बोटांबद्दल, ज्यांना कप धरवत नव्हता. टण्णकन पहिला स्क्रू उशाशी असायच्या त्या तेलाच्या वाटीत पडला. मग दुसरा. मिस्त्री जागचे हलले नाहीत, दाराला कान लावून ऐकत राहिले. मध्ये एकदा आतून दम खाल्ल्याचा आवाज आला आणि पुन्हा काम सुरू झालं.

"आता बिजागरीच्या अंगाने लोटा, हळू," त्या म्हणाल्या, आणि मिस्त्रींनी लोटलं तसं दार त्या बाजूने आत गेलं.

मिस्त्रीणबाई घामाने निथळत उभ्या होत्या, स्क्रूड्रायव्हर अजून मुठीत. मिस्त्रींनी आधी त्यांना हवेवर आणून बसवलं, पाणी दिलं. ग्लास त्यांनी सवयीने बाईंच्या ओठांशी नेला. बाईंनी तो स्वतःच्या हातात घेतला आणि गटागटा पाणी प्यायल्या. मग मिस्त्रींनी त्यांचा हात उलटापालटा करून बघितला. सांधे होते तसेच जाड होते, पण सूज नव्हती. बोटं मिटत होती, उघडत होती.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

बरेच महिने झाले, त्या म्हणाल्या. आधी कप धरता आला, मग बटणं. मिस्त्री सकाळी फिरायला गेले की त्या सुनेबरोबर भाजी चिरायच्या आणि सुनेला त्यांनी शपथ घातली होती.

मिस्त्रींचा पारा चढला. वर्षभर मला वेड्यात काढलंस, ते म्हणाले, तिकिटं काढली मी, परत त्या थंडीत न्यायला निघालो होतो तुला, बोटं पुन्हा वाकली असती, आणि तू गप्प? बाईंनी त्यांना पुरतं बोलू दिलं.

"सुधारले म्हटलं असतं तर तुम्हाला इथे राहावं लागलं असतं," त्या म्हणाल्या. "इथे तुम्ही टेबलाखाली झोपता. तिकडे तुम्ही मिस्त्री आहात. आणि माझी वेणी घालणं एवढंच तर काम उरलं होतं तुम्हाला. तेही काढून घेऊ का?"

खाली रस्त्यावर पत्रे उतरवणं चाललंच होतं. मिस्त्री म्हणाले, एक सांगतो, रागावू नकोस. तू आहे तसंच आहे म्हणायचीस ना, तेव्हा मी सुस्कारा सोडायचो. तो दुःखाचा नव्हता. मला बरं वाटायचं. तुझ्या बोटांना रोज तेल लावत होतो मी, माझ्या हाताला कळलं नसेल का? मला ते कळून घ्यायचंच नव्हतं. हे सांगताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

"माहीत आहे मला," मिस्त्रीणबाई म्हणाल्या.

एवढंच. रागाने नाही, उपकार केल्यासारखंही नाही. मिस्त्रींना वाटलं, त्यापेक्षा हिने चार शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं. ते उठले. घरातल्या सगळ्या खिडक्या त्यांनी एकेक करून उघडल्या, मग भावाला फोन लावला आणि वर्कशॉपला गिऱ्हाईक बघ म्हणून सांगितलं. भावाला आधी खरंच वाटेना. मग त्याने विचारलं, वहिनींचे हात बरे झाले का? बरे झाले, कधीचेच झाले, मिस्त्री म्हणाले.

"अरे, पण मग तुझं काय?" भाऊ म्हणाला. "तुला तिथली हवा मानवत नाही ना?"

मिस्त्रींनी बायकोकडे बघितलं. ती खिडकीशी बसून आपली वेणी आपणच सोडत होती, पेडामागून पेड, सावकाश.

"माझं काय," मिस्त्री म्हणाले, "मला घाम येतो. येऊ दे."