शब्द न कळणाऱ्यांचा गीतकार

मराठी अजिबात न कळणाऱ्या लोकांसाठीच मराठी गाणी लिहिणारा माणूस साऱ्या पृथ्वीवर एकच असेल, आणि तो बेंगळूरच्या पीण्यात, कारखान्यांच्या वस्तीत, आमच्या शेजारच्या खोलीत राहतो. हे मी वाढवून सांगत नाही. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच, त्यामुळे लिहिताना एखादं वाक्य चुकेल याचीच मला जास्त भीती वाटते. पण शेजारच्या काकांबद्दल खरं तेवढंच सांगितलं तरी ऐकणारे म्हणतात, काहीतरीच!

बेंगळूर गाण्याचं शहर आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. सकाळी एखाद्या गल्लीतून वीणा ऐकू येते, संध्याकाळी पाठीवर गिटार लावलेली मुलं स्कूटरवरून जातात. म्हणून सांगलीकडचा एक गीतकार इथे राहायला आला, यात कुणाला नवल वाटत नाही. नवल वाटतं ते त्याने निवडलेल्या जागेचं. बेळ्ळंदूरला नोकरी करणारा त्यांचा भाचा एकदा अडीच तास ट्रॅफिकमध्ये काढून आला आणि बसायच्या आधीच म्हणाला, "मामा, म्युझिकसाठीच आलायस तर जे. पी. नगरला तरी रूम घे ना! तिकडे काहीतरी सीन आहे. इथे काय आहे?" काका शांतपणे म्हणाले, "हवा." त्या वेळी समोरच्या कारखान्यातून जळक्या तेलाचा आणि तापलेल्या लोखंडाचा वास येत होता. भाच्याने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

काकांची काम करायची पद्धत पाहून तर मी हबकूनच गेले होते. गाणं लिहून झालं, पेटीवर चाल बसली, की ते सकाळी गौरम्माच्या इडलीच्या गाडीवर जातात आणि खाता खाता तेच गाणं गुणगुणतात. हे मी लिहिलंय, कसं वाटलं, असं काही विचारत नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. चौथ्या दिवशी गप्प बसून इडली खातात आणि कान देतात. गौरम्माच्या तोंडातून चाल आपोआप बाहेर आली तर गाणं पास, नाही तर कागद फाडून टाकायचा. पुढची परीक्षा कारखान्यात प्रेस चालवणाऱ्या ओडिशाच्या कामगाराकडे आणि शेवटची कोपऱ्यावरच्या ऑटोवाल्याकडे. तिघांकडे पास झालेलं गाणं घडी घालून पत्र्याच्या ट्रंकेत जातं आणि पुन्हा कुणाच्या कानावर पडत नाही. एकदा त्यांनी दारात वाट पाहणाऱ्या म्हाताऱ्या आईचं गाणं केलं होतं. चौथ्या दिवशी मी सोबत होते. गौरम्मा तेच गाणं मोठ्याने म्हणत हातातला डाव उगारून कुत्र्याला हाकलत होती. मला वाटलं, आता काका रडणार. त्यांनी सांबाराची वाटी खाली ठेवली आणि मांडीवर थाप मारली, "बसलं!" मी गौरम्माला अर्थ विचारला. ती म्हणाली, "अर्थ गोत्तिल्ला मा, आदरे चेन्नागिदे." अर्थ माहीत नाही, पण छान आहे. हे ऐकून काकांनी आणखी दोन इडल्या घेतल्या.

अशा माणसाच्या नशिबी शेजारी म्हणून आम्ही यावं! आमचं वठार म्हणजे एका अंगणाभोवती भाड्याच्या सहा खोल्या. खोली घेताना काकांनी मालकाला एकच गोष्ट विचारली होती, "इथे मराठी कुणी नाही ना?" मालक म्हणाले, "सगळे कन्नड, सर." त्यांचीही चूक नव्हती, आम्ही त्यांच्याशी कन्नडच बोलतो. तिसऱ्या दिवशी सकाळी आई ओरडली, "अगं, दूध उतू गेलं की!" काका तोंडात ब्रश तसाच ठेवून दारात आले. चेहरा पांढरा पडलेला.

"तुम्ही मराठी?"

आईला आनंद मावेना. "होय की हो अण्णा! चारशे वर्षं झाली म्हणतात आमच्या लोकांना इथे येऊन. स्वल्प कन्नड मिसळतं, तेवढंच."

काका मटकन पायरीवर बसले. मग त्यांनी हात जोडून विनंती केली, की मी गायला लागलो तर कृपा करून ऐकू नका. आता भिंत एकच, ऐकायचं नाही म्हणजे काय करायचं? आईने विचार करून उपाय काढला. पेटी वाजली की ती मिक्सर सुरू करायची. पहिले काही दिवस आम्ही दोन्ही वेळा चटणी खाल्ली. पुढे ती रिकामाच मिक्सर फिरवू लागली. काका भिंतीपलीकडून ओरडायचे, "उपकार झाले, ताई!"

दोन वर्षं असं सुरळीत चाललं होतं. मग अक्काचं, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचं, लग्न ठरलं. आईची एकच इच्छा होती. आईच्या स्वतःच्या हळदीला आजीने गाणं म्हटलं होतं, तसं अक्कालाही हवं. त्याचे शब्द आता घरात कुणालाच आठवत नव्हते. "शेजारी गाणी लिहिणारा माणूस आहे," आई म्हणाली, "आणि माझी पोर मुकी हळद लावून जायची? जा, विचार त्यांना." मला फार संकोच वाटला, पण गेले.

ऐकल्यावर काका बराच वेळ पेटीचा भाता नुसताच हलवत राहिले. मग त्यांनी वरातीत वाजणाऱ्या एका गाण्याची पहिली ओळ म्हटली. मी उडालेच.

"ते? ते तुमचं आहे? काका, मामेभावाच्या लग्नात चप्पल तुटेपर्यंत नाचलेय मी त्यावर!"

"सगळेच नाचतात. चांगलं बसलंय ते." ते स्वतःच्या पायाकडे पाहत होते. "आईला नेत होतो. चौकात वरात लागली, तेच वाजत होतं. आम्हाला बघून पोरांनी लगेच बंद केलं, भली होती पोरं. पण बंद होईपर्यंत माझा पाय ठेक्यावर पडत होता. खांद्यावर आई, आणि पाय ठेक्यावर. कुणी पाहिलं नाही. मी पाहिलं."

"ज्यांना शब्द कळतात त्यांच्यासमोर तेव्हापासून तोंड उघडत नाही," ते म्हणाले. "लिहिणं मात्र सुटलं नाही. म्हणून इथे आलो. इथे माझ्या शब्दांचं कुणी काही करू शकत नाही." मी दोन वर्षं समजत होते की हा माणूस या शहरात गाण्यासाठी आलाय. तो आपलं बोलणं कुणाला कळू नये म्हणून आला होता. "आईला सांग, जमणार नाही. आणि महिनाअखेरीला मी ही खोली सोडतो. आता तुम्हाला बघून मलाच अवघड वाटेल."

आईला मी कारण सांगितलं नाही. ती कन्नडमधलं "पाप" म्हणाली, म्हणजे बिचारे. "गाणं राहू दे म्हणावं. पण जाऊ नका म्हण."

मी तो निरोप दिला, आणि चौथ्या दिवशी आमच्या दाराखालून एक कागद आत आला. त्यावर आठ ओळी होत्या. आईने तो उलटसुलट पाहिला आणि माझ्याकडे दिला. आई, मावश्या, सगळ्या कन्नड शाळेत शिकलेल्या. मराठी घरात बोलतात, पण ही अक्षरं त्यांना वाचता येत नाहीत. मला शाळेतल्या हिंदीमुळे येतात. मी ते गाणं कन्नड लिपीत उतरवलं, चार प्रती केल्या आणि आजीच्या गाण्याची आईला आठवत होती ती चाल सगळ्यांकडून बसवून घेतली.

हळदीच्या सकाळी काका पिशवी घेऊन मुद्दाम बाहेर निघाले होते. अंगणात त्यांना मावशीच्या हातातला कागद दिसला.

"हे काय?"

"तुमचं गाणं, काका."

"हे?" त्यांनी कागद जवळ धरला, लांब धरला. दोन वर्षं इथे राहून ते कन्नडचं एक अक्षर शिकले नव्हते. "अगं, मला यातलं काहीच कळत नाही." ते घाबरल्यासारखे माझ्याकडे बघत होते. मग त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण हळूहळू सैल झाला आणि ते पिशवीसकट तिथेच पायरीवर टेकले. बायका गायला लागल्या. तिथे बसलेल्या प्रत्येकीला शब्द न् शब्द कळत होता. सहाव्या ओळीला अक्का रडली, आईचा हळदीचा हात तिच्या गालावर तसाच राहिला. काका मांडीवर कागद ठेवून वाचल्यासारखं बोट फिरवत होते. बोट चुकीच्या ओळीवर होतं.

महिनाअखेर होऊन गेली, काकांनी खोली सोडलेली नाही. अक्का होसूरला गेली. घर मोठं वाटतं. कधीतरी संध्याकाळी काका तो गोल अक्षरांचा कागद घेऊन दारात येतात आणि म्हणतात, "वाच गं जरा." गाणं त्यांचंच, त्यांना पाठ आहे. तरी मी सावकाश, एकेक ओळ वाचते. दुसऱ्या कुणीतरी लिहिलेलं ऐकावं तसे ते मान खाली घालून ऐकतात. मग कागदाची घडी खिशात ठेवतात आणि जाताना म्हणतात, "बरं लिहिलंय."