न चाखलेली वाईन

भडगावकडच्या आमच्या मळ्यात आबांनी, म्हणजे वडिलांनी, लावलेल्या काळ्या द्राक्षाच्या जुन्या वेली होत्या. खोडं दंडाएवढी जाड. फळ थोडं यायचं, पण जे यायचं ते दाट रसाचं आणि गोड. आबा गेले, मळा थोरल्या भावाच्या नावावर झाला, आणि भाऊने वेली काढून केळी लावायचं ठरवलं. मी नाशिककडे वायनरीत वाईन चाखण्याचं काम करून उमर घालवलेली. म्हटलं, "भाऊ, एक हंगाम दे. वाईन चांगली निघाली तर वेली ठेव." तो हो म्हणाला आणि मी मूर्खासारखी त्याच्या शब्दावर विसंबले.

द्राक्षं हातांनी चुरली. सालं वर तरंगून येत, ती सकाळ-संध्याकाळ दांड्याने खाली दाबत राहिले. आमच्या उन्हाळ्यात वाईन टिकणार कुठे? मग ओळखीच्या व्यापाऱ्याच्या केळी पिकवायच्या थंड खोलीत बुधले नेऊन ठेवले. पावसाळ्याच्या तोंडाशी चाखली. गडद, किंचित तुरट, उत्तम. हे मी मायेने म्हणत नाही, तो माझा धंदा आहे.

ग्लास भाऊपुढे ठेवला. त्याने वाससुद्धा घेतला नाही.

"आपला घरमा हाई चालाव नही. बठ्ठा लोके काय म्हनतीन?"

"मग मला इतके महिने राबू कशाला दिलंस?"

"माले वाटनं, बिघडी जाई."

आठवड्याच्या आत वेली मुळासकट निघाल्या. मी अजून त्याला माफ केलेलं नाही.

थंडीत त्याने मळ्यात भरीत पार्टी ठेवली. एरवी वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजतात, या वेळी माझ्या वेलींची खोडं पेटवली. ज्या लोकांची त्याला एवढी भीती होती, ते सगळे आले होते. शेडमागे स्टीलच्या पेल्यांतून विलायती फिरत होती आणि बर्फ भाऊ स्वतः पुरवत होता. मळा म्हणजे घर नव्हे, असा त्याचा हिशेब असावा.

पंगतीत एक पाहुणे बोटं चाटत म्हणाले, "यंदा भरीतले चव न्यारीच शे."

"लाकडे चांगला व्हतात," भाऊ म्हणाला.

मी घास तोंडात घोळवला, सवयीने. पाहुणे खरं बोलत होते.