खडकाखालची रेव

"घाई नक्को, साहेब. दगडाला घाई नाही," असं म्हणत आमचे शेजारी रोज सकाळी सोसायटीच्या आवारातल्या खडकावर बोट फिरवायचे आणि बोटाला लागलेली बारीक रेव बिस्किटाच्या डब्यात झटकायचे. भूगर्भशास्त्राचे निवृत्त शिक्षक. सगळे त्यांना सर म्हणत.

विद्यानगरात राहून हे पाहिलं असतं, तर तुम्हीही संशयच घेतला असता. मी सोसायटीचा सेक्रेटरी. खडक मोजून ठेवला होता: अकरा फूट बाय नऊ. तो फोडला की दोन गाड्यांची सोय होणार होती. विरोध एकट्या सरांचा. त्यांच्याकडे गाडी नाही, खिडकीही त्या बाजूला नाही. मग फायदा काय? इकडे दगडाला एकदा हळदकुंकू लागलं, की त्याला कुणी हात लावत नाही. हे गृहस्थ इथे देऊळ उभारणार, अशी माझी खात्री झाली. महिनाभर बाल्कनीतून पाळत ठेवली.

शेवटी विचारलंच. "सर, रोज चाललंय काय?"

"हा दगड हवा खातोय."

"दगड?"

"हौ. पावसाच्या पाण्यात हवेतला कार्बन विरघळतो, ते पाणी दगड झिजवतं. मग ते मुशी नदीतून कृष्णेत, कृष्णेतून समुद्रात. तिथे शिंपल्यांत, चुनखडीत तो कार्बन अडकतो. तुमच्या घरातली शहाबादी फरशी म्हणजे तीच जुनी हवा. पृथ्वी तापली की झीज वाढते, हवेतला कार्बन घटतो, ती निवते. फार गारठली की झीज मंदावते, ज्वालामुखी कार्बन ओततच असतात, पुन्हा ऊब येते."

"किती दिवसांत?"

"लाखो वर्षांत."

घरी येऊन फरशीवर लिंबू पिळलं. खरंच बारीक बुडबुडे आले. डाग पडला म्हणून बायकोने दोन दिवस ऐकवलं.

पण माझं समाधान होईना. तिसऱ्या दिवशी त्यांना गाठलं. "सर, फोडलेला दगड तर जास्त लवकर झिजेल. मग विरोध कशाला?"

ते हळूच हसले. "पकडलंत. चाळीस वर्षं फळ्यावर शिकवलं, साहेब. डोळ्यांनी एकही दगड झिजताना पाहिला नव्हता."

पुढच्या थंडीत सर गेले. त्यांच्या मुलीने तो डबा मला आणून दिला. सात वर्षांची रेव. तळसुद्धा धड झाकला नव्हता.

मग सभेत खडक फोडायचा ठराव झाला. दगड फोडायचा ब्रेकर यायच्या दिवशी पहाटे मी देवघरातली हळदकुंकवाची कोयरी आणि सरांचा डबा उचलला. "कुठे निघालात?" बायकोने विचारलं. मी चपला सरकवून जिना उतरलो. सरांना हे मुळीच आवडलं नसतं.

खडकाला हळद लावली, कुंकू लावलं. वॉचमन माझ्याकडे टक लावून बघत होता, जसा मी सरांकडे बघायचो. बोटाला कुंकवासोबत थोडी रेव लागली होती. ती मी डब्यात झटकली.